जाळीपलीकडची खोली

कुशाबाईला अपूर्णांक कळू लागले ते साठी उलटल्यावर, आणि तेही लसूण सोलता सोलता.

तिची सून मोनिका घरी बसून मुलांना गणित शिकवायची. पुण्यातल्या एका क्लासने तिच्याकडे पाचवीची छोटी तुकडी दिली होती. मुलं पुण्यात आपापल्या घरी, मोनिका तळेगाव ढमढेऱ्याच्या बाहेर उसातल्या वस्तीवर, आणि मध्ये लॅपटॉप. तास दिवेलागणीला असायचा. कुशाबाई दाराबाहेर पोत्यावर बसून काहीतरी निवडत, सोलत राही. मुलं तिला दिसत नसत, नुसती ऐकू येत. तरी कोणतं पोर घाईचं, कोणतं दुसऱ्याचं ऐकून उत्तर ठोकतं आणि कोणतं येत असूनही बोलत नाही, हे ती आवाजावरून ओळखायला लागली होती.

न बोलणाऱ्यांत एक स्वराज होता. सुरुवातीला कित्येक दिवस त्याच्या तोंडून ‘हो बाई’पलीकडे काही निघालं नव्हतं. मोनिकाने त्याला एकदाही ‘चूक’ म्हटलं नाही. एक चतुर्थांश मोठा की एक तृतीयांश, असं तिने विचारलं तेव्हा तो पुटपुटला, एक चतुर्थांश, कारण चार मोठे. बाकीची मुलं हसली. मोनिका म्हणाली, चार तीनपेक्षा मोठे आहेत हे अगदी खरं. मग ती उठली, सासूकडून तव्यावरची भाकरी मागून घेऊन गेली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. या भाकरीला तीन पाहुणे आले तर एकेकाला केवढी, आणि चार आले तर केवढी? स्वराज बराच वेळ गप्प राहिला. मोनिकाही गप्प राहिली. शेवटी तो म्हणाला, "पाहुणे वाढले की तुकडा लहान होतो." त्या दिवसापासून तो बोलू लागला.

कुशाबाईची शाळा दोन यत्तांत आटोपली होती. बाप दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणच्या वाटेला लागायचा, त्याच्यामागे अख्खं बिऱ्हाड, आणि परत येईतो वर्गातली मुलं पुढे निघून गेलेली असत. गुरुजी प्रश्न विचारत आणि उत्तर यायच्या आत छडी उचलत. शिकवणाऱ्याला थांबताही येतं, हे तिने पहिल्यांदा आपल्या सुनेत पाहिलं. सुनेचं कौतुक तोंडावर करायची त्या घरात पद्धत नव्हती. कुशाबाई फक्त तासाच्या वेळी मिक्सर लावत नसे.

पण मिक्सर बंद ठेवून भागत नव्हतं. तास आणि गाईंच्या धारा एकाच वेळी येत. त्यात म्हाळू आबा, कुशाबाईचे मालक. ज्या माणसाने उभ्या उमेदीत या टेकडावरून त्या टेकडावरच्या मेंढरांना हाका घातल्या, त्याला हळू बोलणं जमणार कसं? आबांनी गाईला दिलेली शिवी एकदा पुण्यातल्या सगळ्या घरांत ऐकू गेली आणि मुलांनी ती लगेच पाठ केली. तेव्हा मोनिकाने तास मागच्या खोलीत हलवला, आणि कुशाबाईने आपलं पोतंही त्या खोलीच्या दाराबाहेर नेलं. पूर्वी तिथे लोकर आणि घोंगड्या ठेवत. आता ती रिकामी होती, आणि शांत.

त्या खोलीकडे जायची वाट जाळीतून होती. मागच्या हिवाळ्यात बिबट्याने कुंपणावरून उडी टाकून अंगणातला कुत्रा नेला, तेव्हा कुशाबाई हाकेच्या अंतरावर भांडी घासत होती. मग आबांनी शिरूरहून बारीक भोकांच्या जाळीचे गुंडाळे आणले, वेल्डिंगवाला बोलावला आणि स्वतः पहारी मारून खांब रोवले. घराची मागची पडवी जाळीत, पलीकडची खोली चारी बाजूंनी जाळीत, आणि दोन्हींना जोडणारा बोळही जाळीचाच. बोळाच्या दोन्ही तोंडांना जाळीचं एकेक दार. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं ते काम बघायला आली होती. दिवस कलला की दोन्ही दारांच्या कड्या घालायच्या, हे काम कुशाबाईचं.

मागच्या खोलीत तास सुरू झाला आणि नेट तुटू लागलं.

एका संध्याकाळी स्वराज स्वतःहून बोलायला लागला होता. "बाई, मला वाटतं की," एवढं म्हणाला आणि चित्र गोठलं. नेट परत येईपर्यंत तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. पडद्यावर बाईंचा चेहरा कपाळाला आठ्या घातलेला तसाच थिजला होता, आणि स्वराजला वाटलं, आपण मध्येच बोललो म्हणून बाई चिडून उठून गेल्या. रात्री धड जेवला नाही म्हणे. मोनिकाने त्याला फोनवर समजावलं, तो पुन्हा तासाला बसला, पण परत ‘हो बाई’वर गेला. त्यातच क्लास चालवणाऱ्या अनुपमा मॅडमनी कळवलं, की येत्या शनिवारच्या तासाला त्या स्वतः बसणार आहेत. तेव्हाही असंच तुटलं तर तुकडी दुसऱ्या बाईंकडे द्यावी लागेल. त्या रागाने बोलल्या नाहीत. त्यांनाही पालकांना तोंड द्यायचं होतं.

मोनिका स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायली आणि भांडं हातातच धरून उभी राहिली.

"आत्या, मला दुसरी तुकडी मिळेल," ती सासूला म्हणाली. "पण स्वराज नव्या बाईंपुढं तोंड उघडायचा नाही. आत्ता कुठं उघडलं होतं."

रांजणगावच्या कंपनीतून मुलगा शंभू घरी आला तेव्हा कुशाबाईने त्याला चहाच्या आधी हे सांगितलं. शंभूचं म्हणणं पडलं, की नेटवाल्यांनी दिलेला राऊटर बारका आहे, त्याच्यात दम नाही, चांगला आणावा. त्याला शिफ्ट बदलून मिळत नव्हती, म्हणून मोनिका, कुशाबाई आणि आबा असे तिघं शिरूरला गेले. दुधाच्या पैशातली वस्तू आपण नजरेखालून घालायची, असा आबांचा नेम होता.

दुकानात मोनिका नीट एकेक विचारत होती. राऊटरच्या लाटा दोन जातीच्या असतात: एक लांबवर जाते पण जरा सावकाश चालते, दुसरी धावते जोरात पण भिंती आल्या की दमते. दोन्ही आहेत का? पुढे दुसरा राऊटर जोडता येईल का? दुकानदार खोकी उघडून दाखवत होता. तेवढ्यात आबांनी फळीवरचा एक काळा, आठ अँटेनांचा राऊटर उचलला, एकेक अँटेना बुडाशी धरून हलवून पाहिली आणि जाहीर केलं, की हाच घ्यायचा.

"आबा, नुसत्या अँटेना बघून कळत नाही," मोनिका हळूच म्हणाली.

"पोरी, एडका घेताना पयली शिंगं बघायची. शिंगं भक्कम, त्याचं समदं भक्कम."

"आन् त्यो भुऱ्या?" कुशाबाई पदर सावरत म्हणाली. "शिंगं यवढाली, आन् दोन वरसांत कळपाला एक कोकरू दिलं न्हाई त्यानं. निस्ता खायाचा."

दुकानदाराने मागे वळून उगाच एक खोकं पुसलं. आबांनी ऐकलंच नाही असं दाखवलं. मोनिकाने त्या राऊटरच्या खोक्यावरचं सगळं वाचलं. दोन्ही जातीच्या लाटा होत्या, वस्तू वाईट नव्हती, फक्त त्या घराला लागते त्याहून दांडगी होती. तिने मान डोलावली. आबांचा हात त्या खोक्यावरून निघणार नव्हता हेही तिने पाहिलं होतं.

घरी आल्यावर आबांनी राऊटरला भंडारा लावला, मग तो मोनिकाच्या हवाली केला. मोनिकाने तो कपाटात ठेवला नाही की टीव्हीच्या मागे दडवला नाही. मागच्या दाराशी, उंच फळीवर, खोलीच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला. वायर जोडली, नाव दिलं, पासवर्ड घातला. भर दुपार होती. मागच्या खोलीत जाऊन पाहते तर रेंज भरून आलेली, लॅपटॉपवर चित्र पाण्यासारखं वाहतंय. आबांनी लगेच वरवंडच्या मेव्हण्याला व्हिडिओ फोन लावला आणि त्याला आठही अँटेना दाखवल्या.

संध्याकाळी तास सुरू झाला आणि पुन्हा तुटला.

त्या रात्री जेवताना ज्याला जे सुचेल ते तो बोलत होता. शंभू म्हणाला, संध्याकाळी सगळा गाव नेटवर असतो, लाइनवर लोड येतो. आबांना दुकानदाराने फसवलं असं वाटत होतं आणि सकाळच्या पहिल्या गाडीने जाऊन त्याला जाब विचारायचा होता. मोनिका मात्र भाकरी मोडता मोडता थांबली. तासाच्या वेळी पुढच्या खोलीत आबांचा फोन छान चालू होता, तर मग लोड कसा? राऊटर तोच, दुपारी मागे पोचतो आणि संध्याकाळी पोचत नाही. म्हणजे दुपारी आणि संध्याकाळी आपल्याच घरात काहीतरी वेगळं होतं. ते काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने कुशाबाईला एक विचित्र काम सांगितलं. तिन्हीसांजेला तुम्ही जे जे करता ते आत्ता करायचं, त्याच क्रमाने. पण एकेक. एक केलं की थांबायचं, मी हाक दिल्यावर पुढचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने झालं ते कळत नाही. एवढं सांगून ती मागच्या खोलीत गेली, लॅपटॉपवर एक गाणं लावलं आणि समोर बसून राहिली.

कुशाबाईला भर उन्हात देवापुढे निरांजन लावताना लाज वाटली, पण तिने लावलं. मागून हाक आली, "चालू आहे." तिने अंगणातला मोठा दिवा लावला. "चालू आहे." धार काढायच्या यंत्राची मोटर सुरू केली. सकाळपासून आबांचं म्हणणं बदललं होतं, की मोटरनं होत असंल. "चालू आहे, आत्या." तिने गाई आत घेतल्या. गाई येईनात, एवढ्यात कशाला म्हणून वळून वळून बघत होत्या. गाणं चालूच होतं. मग ती बोळापाशी आली, पडवीकडचं जाळीचं दार ओढलं आणि कडी घातली. "जरा अडखळलं," मोनिका म्हणाली. कुशाबाई बोळातून पुढे गेली, खोलीकडचं दार लोटून घेतलं.

गाणं थांबलं.

मोनिकाने ते दार उघडायला सांगितलं. गाणं सुरू झालं. लावायला सांगितलं, थांबलं. एकदा झालं ते योगायोगानेही होतं, म्हणून तिने ते पुन्हा पुन्हा करून घेतलं.

कुशाबाईचा हात कडीवरच राहिला. "म्हंजी रोज म्याच बंद करीत व्हते व्हय?"

"तुम्ही नाही, आत्या. जाळी." मोनिका बाहेर आली. आबाही वैरणीचा भारा टाकून तिथे येऊन उभे राहिले होते. तिने हाताचा पंजा पसरून जाळीवर टेकवला आणि ती मुलांना सांगायची तशीच सांगू लागली. ही लाट दिसत नाही, पण तिलाही आकार असतो. लांब जाणारी लाट साधारण या पंजाएवढी. आणि जाळीचं भोक? बोट कसंबसं जातं. कोकरू वाघुरीतून निसटतं, मोठ्या मेंढराला ते जमतं का? तसंच. लाट जाळीला धडकते आणि बहुतेक माघारी फिरते. दारं उघडी असली की बोळातून सरळ आत येते. पुढच्या घरात जाळीच नाही, म्हणून तिथे काही अडत नाही.

वाघूर म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवती लावायचं जाळं. आबांनी उभ्या आयुष्यात किती वाघुरी लावल्या आणि काढल्या असतील. त्यांना सांगायचं काही उरलं नाही. ते गोठ्यात गेले आणि लोखंड कापायचं मशीन घेऊन आले.

"दारं काढून टाकतो," ते म्हणाले. "पोरांचं शिकणं मोठं."

ते वाक्य बोलायला आबांना किती जड गेलं असेल ते कुशाबाईला ठाऊक होतं. कुत्रा गेल्यापासून तिन्हीसांजेला ते कुठेही असले तरी कडी वाजल्याचा आवाज ऐकायला थांबत. कुशाबाई म्हणाली, दारं ऱ्हाऊ द्या, तासाला उघडी ठिवू, म्या काठी घेऊन बसंन.

मोनिका बोळाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"आबा, जाळीला हात लावायचा नाही," ती म्हणाली. सासऱ्याशी ती इतकं स्पष्ट कधी बोलली नव्हती. "तास सुटल्यावर अंधारात आम्ही दोघी ह्या बोळातून येतो त्या तुमच्या जाळीच्या जिवावर. आणि आत्या, तुम्ही काठी घेऊन बसलात तर माझं लक्ष मुलांकडं राहील का तुमच्याकडं?"

"मंग करायचं काय?" आबांनी मशीन खाली ठेवलं.

"लाट जात नाही जाळीतून. वायर जाते."

आबांनी वाकून जाळीच्या एका भोकात करंगळी घालून पाहिली आणि पहिल्यांदाच हसले.

पुढे त्या कामात सगळं घर गुंतलं. शंभूने तळेगावातून, कॅमेरे बसवणाऱ्या एका ओळखीच्याकडून, दोन्ही टोकांना टोपी बसवलेली लांब वायर आणली. उघडी वायर उंदीर कुरतडतील म्हणून आबांनी उसातल्या ठिबकचा जुना पाइप धुऊन आणला आणि बोळाच्या कडेने तो तारेने बांधला. जाळीपाशी वायर भोकातून ओवली. बारका राऊटर कोनाड्यात पडून होता, तो मोनिकाने मागच्या खोलीत आणला. पुढचा मोठा राऊटर वायरमधून नेट देईल आणि हा बारका ते या खोलीपुरतं पसरवील, एवढंच त्याचं काम.

ते पहिल्या झटक्यात झालं नाही. राऊटर घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला एकेक पत्ता देतो, आणि आता पत्ते देणारे दोघे झाले होते. लॅपटॉप कुणाचं ऐकावं न कळून गप्प बसला. शंभू वैतागला, म्हणाला, जुनं भंगार आहे, फेका. कुशाबाई उंबऱ्यावर बसून सुनेकडे बघत होती. मोनिकाच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. तिने पडद्यावर बोट ठेवून स्वतःशीच विचारलं, "असं का झालं बरं?" वर्गात मुलांना विचारायची तोच सूर, तेच शब्द. कुशाबाईच्या मनात आलं, दुसऱ्याच्या पोराची चूक पोटात घालणारी माणसं असतात, पण आपली स्वतःची चूक अशी मांडीवर घेऊन बसणारं माणूस तिने पाहिलं नव्हतं. मोनिकाने सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. बारक्याचं पत्ते द्यायचं काम बंद केलं. त्याला मोठ्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. वायर वेगळ्या रंगाच्या भोकात घातली होती, ती काढून शेजारच्या सारख्या चार भोकांपैकी एकात घातली. राऊटरवरचा दिवा हिरवा झाला.

"लाव गं कड्या, कुशा," आबा बाहेरून म्हणाले.

कुशाबाईने दोन्ही दारांना कड्या घातल्या. खोलीत गाणं चालू राहिलं.

शनिवारी अनुपमा मॅडम तासाला बसल्या. कुशाबाई नेहमीच्या जागी होती, हातात लसूण, पण सोलणं होत नव्हतं. आबाही धारा आटोपून बोळात येऊन बसले होते, खाकरायचं सुद्धा टाळत. मोनिकाने उजळणी घेतली, घाईच्या मुलांना जरा थोपवलं आणि मग स्वराजला विचारलं. तीन चतुर्थांश मोठा, की दोन तृतीयांश? सावकाश सांग.

आतून काही आवाज येईना. मोनिकाचाही नाही.

आबांनी मान वळवली. "गेलं का?" त्यांनी ओठांनीच विचारलं.

कुशाबाईने दाराच्या फटीतून पाहिलं. मोनिका पडद्याकडे बघत बसली होती, हनुवटी तळहातावर, चेहऱ्यावर घाई नाही की काळजी नाही. त्या चेहऱ्याची कुशाबाईला ओळख होती.

"गेलं न्हाई," ती कुजबुजली. "पोरगं इचार करतंय."

एका मुलाने मध्येच उत्तर सांगायला तोंड उघडलं, मोनिकाने बोट ओठावर ठेवून त्याला थांबवलं. मॅडमही काही बोलल्या नाहीत. मग पुण्यातून बारीक आवाज आला.

"बाई, उरलेलं बघितलं तर चालेल का?"

"चालेल की."

"पहिल्यात एक चतुर्थांश उरतो. दुसऱ्यात एक तृतीयांश उरतो." तो थांबला, पुन्हा सुरू झाला. "एक चतुर्थांश लहान असतो. म्हणजे पहिल्यात कमी उरलं. म्हणजे... पहिलाच मोठा."

कुशाबाईने मनातल्या मनात ते पुन्हा ताडून पाहिलं. खरंच की. मोनिकाने ही रीत कधी शिकवली नव्हती, कुशाबाई एकाही तासाला उठून गेली नव्हती.

"ही रीत तुला कुणी सांगितली?" मोनिकाने विचारलं.

"कुणी नाही. आत्ता सुचली."

"मग ती आता तूच सगळ्यांना समजावून सांग. मी पण ऐकते."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "चित्र काढून दाखवू का? मी कागद आणतो," स्वराज म्हणाला, आणि जाता जाता त्याचा आवाज लांबून आला, "बाई, जाऊ नका हं."

"नाही जात," मोनिका म्हणाली. "ये तू सावकाश."